दुपार, तीस अंशांच्या खाली

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की आपल्या हातून घडलेल्या एकमेव मोठ्या गोष्टीचा मृत्युलेख त्याला स्वतःच वाचावा लागतो. पुष्कर मोहरीलच्या आयुष्यात तो क्षण रविवारी सकाळी सव्वानऊला नागपुरातल्या गोकुळपेठेत इस्त्रीवाल्याकडे आला, आणि मृत्युलेखाच्या खाली ‘कृपया या पत्राला उत्तर देऊ नये’ असं लिहिलेलं होतं. डाव्या हातावर चार शर्ट, उजव्या हातात मोबाइल. आपला ‘दुपार’ नावाचा खेळ गेली तीन वर्षं कोणी हात न लावल्यामुळे नव्या फोनांवर चालत नाही, सबब येत्या गुरुवारपर्यंत नवी आवृत्ती न आल्यास तो दुकानातून काढून टाकण्यात येईल. दुकान म्हणजे फोनच्या आतलं ते दुकान, जिथून सगळं जग खेळ उतरवून घेतं. हे तिसरं स्मरणपत्र होतं. आधीची दोन साड्यांच्या जाहिरातींखाली गाडली गेली होती. ‘‘साहेब, पाचवा उद्या घेऊन जा. कॉलर राहिली,’’ इस्त्रीवाला म्हणाला, आणि पुष्करला वाईट वाटलं. नेमकं वाटलं, छातीच्या डाव्या बाजूला, जिथे ते वाटायला हवं तिथेच. पाचवा शर्ट फिकट निळा होता आणि तो त्याला सोमवारी घालायचा होता. मग रस्त्यावर चार पावलं चालल्यावर त्याच्या लक्षात आलं की वाईट वाटून झालं ते शर्टाबद्दल; खेळाबद्दलचं अजून यायचंच आहे. तो झाडाच्या सावलीत थोडा वेळ थांबला. यायला उशीर होत असेल, म्हणून वाट पाहिली. काही आलं नाही. एक मुलगी स्कूटीवरून आली, ‘काका, सरका ना,’ म्हणाली, आणि काका सरकले.

चव्वेचाळीसाव्या वर्षी आपण सुखी आहोत, हे पुष्करला गेल्या वर्षभरात दोन-तीनदा अंधूकसं जाणवलं होतं, पण त्याला ते पुराव्यानिशी कोणी दाखवलं नव्हतं. हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात तो ‘गेम डिझाइन’ शिकवायचा. वर्गात बावीस मुलं होती. त्यांतल्या एकोणीस जणांना खेळ बनवण्यात रस नव्हता आणि तिघांना फक्त खेळण्यात होता. पुष्करला ती बावीसच्या बावीस आवडायची. साडेपाचला सुटायचं, वाटेत भाजी घ्यायची, रात्री दहाला झोप यायची आणि ती सकाळपर्यंत टिकायची. ज्या माणसाचा सात वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका सभागृहात लोकांनी उभं राहून सत्कार केला होता, ज्याच्या खेळावर परदेशी मासिकांतून लेख आले होते, त्यानं इतकं गाढ झोपावं हे काही बरं दिसत नाही, असं त्याला शर्ट सांभाळत घराकडे चालताना वाटू लागलं. अशा माणसानं निदान थोडं तरी कुढायला हवं.

सुरुवात गोकुळपेठेतच झाली होती. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिला खालून सतत तेलाचा वास यायचा. त्या खोलीत तिघं बसायचे. पुष्कर, ज्यानं पुण्यातली चांगली नोकरी सोडून ‘नवतपा स्टुडिओ’ हे नाव आधी ठरवलं आणि काम काय करायचं ते नंतर. प्रीतम रामटेके, त्याचा इंजिनिअरिंगपासूनचा दोस्त, जो प्रत्यक्षात सगळा प्रोग्रॅम लिहायचा. आणि गार्गी, जी चित्रं काढायची आणि दोघांच्या भांडणात जो हरत असेल त्याच्या बाजूनं बोलायची. मे महिना होता, खोलीतला कूलर दर तासाला कोरडा पडायचा, आणि बादली कोणी आणायची यावरून रोज कटकट व्हायची. त्या कटकटीतून खेळ निघाला. दोन खोल्यांचं घर. वेळ दुपारी एक ते चार. आई, बाबा आणि दोन मुली फरशीवर सतरंज्या टाकून झोपलेल्या, बाबांच्या तोंडावर वर्तमानपत्र. खिडकीत कूलर. खेळणाऱ्याचं काम इतकंच, की चार वाजेपर्यंत कोणाची झोप मोडू द्यायची नाही. कूलरचं पाणी आटलं की बादली नेऊन ओतायची, वाळ्याच्या ताट्या सुकल्या की भिजवायच्या, लाइट गेली की हातपंख्यानं वारा घालायचा, आणि गल्लीत भंगारवाल्याची आरोळी यायच्या आत खिडकीचं दार ओढून घ्यायचं. चारला सगळे आपोआप उठले, आईनं चहा ठेवला, की एक दिवस पार. असे चाळीस दिवस. शेवटचे नऊ दिवस नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाचे, ते कोणालाच पार करता येऊ नयेत अशी पुष्करची इच्छा होती.

प्रीतमनं त्यात एक भर घातली. खेळणारा ज्या गावात बसलाय, तिथलं त्या दिवसाचं खरं तापमान खेळानं घ्यायचं. ‘‘बाहेर जेवढं तापलं, आत तेवढंच तापलं पाहिजे. नाहीतं मजा काय हाय?’’ तापमानातून तीस वजा करायचे, जे उरेल त्या वेगानं पाणी आटवायचं. ‘‘आणि तीसच्या खाली गेलं तर?’’ गार्गीनं विचारलं. पुष्कर मोठ्यानं हसला होता. ‘‘तीसच्या खाली कूलर लावतं कोण?’’ त्याला ते हसणं अजून आठवतं, कारण त्यात कसलीही शंका नव्हती. सगळं जग एप्रिलमध्ये तापतं, मेमध्ये भाजून निघतं आणि दुपारी दारं लावून पडतं, हे त्यानं जन्मापासून पाहिलं होतं. त्याबाहेरही जग आहे हे त्याला भूगोलात पाठ होतं, पण अंगात नव्हतं. प्रीतम मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिला. त्या उन्हाळ्यात नागपुरात दोन-तीनशे जणांनी खेळ उतरवून घेतला. बहुतेकांचा अभिप्राय एकच होता: ‘घरी हेच तं करतो ना बे, मोबाइलमध्ये पण काहून?’ जूनमध्ये पाऊस आला, पारा उतरला, आणि खेळातलं घर स्वस्थ झोपून राहिलं. तिघांना वाटलं, झालं, संपलं. पुष्कर पुन्हा नोकरीच्या जाहिराती बघू लागला.

ऑक्टोबरात नॉर्वेतल्या कुठल्याशा गावातून एका नर्सचं पत्र आलं. तिच्या गावी तेव्हा चार अंश तापमान होतं. ‘तुमच्या खेळात काहीही घडत नाही,’ तिनं लिहिलं होतं. ‘मी रात्रपाळी करून सकाळी घरी येते, तुमचं घर उघडते. चौघं झोपलेली असतात. मी त्यांना बघत बसते आणि मला झोप लागते. असा खेळ मी फार दिवस शोधत होते.’ तिघांनी ते पत्र चारदा वाचलं. मग प्रीतमच्या टेबलावरच्या जुन्या फोनवर तापमान चार अंश धरून खेळ लावून पाहिला. खरंच. पाणी आटत नव्हतं. लाइट जात नव्हती. भंगारवाला येत नव्हता. वर्तमानपत्र बाबांच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होतं, एका मुलीनं कूस बदलली, आणि चारला सगळे उठून चहा प्यायले. ‘‘बापरे, ही तर चूक आहे,’’ पुष्कर म्हणाला. दुसऱ्या पत्रात कॅनडातला ट्रक ड्रायव्हर होता, तिसऱ्यात पोलंडमधली एक बाळंतीण. डिसेंबरपर्यंत लाखभर घरांत, म्हणजे थंड देशांतल्या लाखभर घरांत, नागपूरचं एक कुटुंब रोज दुपारी झोपू लागलं. मासिकांनी लिहिलं की खेळणाऱ्यालाच अनावश्यक ठरवणारा हा पहिला धीट खेळ आहे. कोणीतरी ‘निष्क्रियतेचं तत्त्वज्ञान’ असा शब्द वापरला. बेंगळुरूला सत्कार झाला तेव्हा एका मुलीनं माइक हातात घेऊन विचारलं, की खेळणाऱ्याच्या हातून सगळं काढून घ्यायचं, हे तुम्हाला सुचलं कसं? पुष्करनं पाण्याचा घोट घेतला. खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी तो म्हणाला, ‘‘आमच्याकडे झोप ही एकट्याची गोष्ट नसते. मला दाखवायचं होतं की कोणीतरी जागं आहे म्हणून बाकीचे झोपू शकतात.’’ टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत प्रीतम आपल्या बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

त्या टाळ्या पुढे बरेच दिवस पुष्करच्या कानात राहिल्या, पण कानात पाणी राहावं तशा. मान हलवली की खळकन वाजायच्या. आयटी पार्कजवळ मोठा हॉल झाला, चौदा माणसं आली, त्यातल्या दोघांचं काम नुसतं पत्रांना उत्तरं देणं होतं, काचेच्या दाराच्या वर ‘नवतपा’ अशी अक्षरं लागली आणि आत एसी इतका थंड, की मे महिन्यात गार्गी स्वेटर घालून बसायची. सगळं होतं. फक्त जे नाव झालं होतं ते त्याचं नव्हतं. कुठेतरी वजाबाकी चुकली, तिची फळं आपण खातोय, असं त्याला जेवताना, गाडी चालवताना, कोणी हस्तांदोलन केलं की हटकून वाटायचं. याला कारण बापूजी होते. पुष्करचे वडील चौतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात होते. दुसऱ्यांची चूक शोधून तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल करायचा, हे त्यांचं काम होतं, आणि निवृत्त झाल्यावरही ते त्यांनी सोडलं नाही. लग्नपत्रिका, औषधांची वेष्टनं, शेजारच्यांच्या फाटकावरची नावाची पाटी, सगळ्यांवर गोल. एका डिसेंबरात, नागपूरचं तापमान चोवीसवर असताना, त्यांनी भिंग घेऊन एकदाचा मुलाचा खेळ पाहिला. एक ते चार. न हलता. चारला खेळातला चहा झाल्यावर ते म्हणाले, ‘‘यात चूक आहे.’’ ‘‘सगळं जग छान म्हणतंय, बापूजी.’’ ‘‘जगाचं राहू दे. तुला माहीत आहे ना, की चूक आहे?’’ पुष्करला माहीत होतं. बापूजींनी भिंग पुसून डबीत ठेवलं. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता, आणि पुष्करच्या दृष्टीनं तो तिथे सुरू झाला.

दुरुस्ती सोपी होती. खेळणारा कुठेही बसलेला असो, तापमान नागपूरचं, मे महिन्याचं. दुरुस्त आवृत्ती बाहेर पडायच्या आदल्या दिवशी प्रीतम त्याच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ‘‘काहून हात लावून राहिला गा तिले? लोकं झोपून राहिले ना सुखानं.’’ ‘‘पण ती चूक आहे, प्रीतम.’’ ‘‘कोणाची?’’ ‘‘आपली. सगळ्यांचीच. मी तुला दोष देत नाहीये.’’ प्रीतम ‘‘बरं,’’ म्हणाला, डबा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा एका ओळीचा राजीनामा आला. पुष्करला वाटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, तत्त्वाच्या प्रश्नात दोस्त जातात. हे वाटणं त्याला त्या वेळी चांगलंच उदात्त वाटलं होतं. दुरुस्त आवृत्ती बाहेर पडली आणि जगभरच्या घरांत नागपूरचा मे महिना शिरला. नॉर्वेच्या नर्सचं दुसरं आणि शेवटचं पत्र आलं. ‘काल धाकटी मुलगी रडत उठली. मग सगळेच उठले. बाबा ओरडले. मी रात्रभर लोकांच्या हाका ऐकते. मला वाटत होतं, या घरात कोणी हाक मारत नाही.’ बाकीच्यांनी इतकं सभ्यपणे लिहिलं नाही. वर्षभरात चौदाचे पाच झाले, पाचाचे दोन. गार्गी हैदराबादला गेली, जाताना तिनं पहिल्यांदाच हरणाऱ्याची बाजू घेतली नाही. शेवटच्या दिवशी पुष्कर आणि चौकीदारानं दारावरची अक्षरं उतरवली. ती ज्या पत्र्यावर बसवली होती तो पत्रा लिफ्टमध्ये मावेना, म्हणून पाच मजले जिन्यानं आणला. आता तो घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर आडवा घातलेला आहे, आणि उन्हाळ्यात टाकीचं पाणी थोडं कमी तापतं, हे मान्य करायला हवं.

‘‘मग? वाईट वाटतंय का?’’ मयुरानं, त्याच्या बायकोनं, विचारलं. ती शाळेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसली होती आणि पत्राबद्दल ऐकताना तिनं दोन पेपर तपासून टाकले होते.

‘‘नाही ना. तेच तर.’’

‘‘वाईट वाटत नाही म्हणून वाईट वाटतंय?’’

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘तुमच्या घराण्यात एक गोष्ट सरळ नाही,’’ ती म्हणाली. ‘‘गुरुवार म्हणजे चार दिवस आहेत. होण्यासारखं आहे का काही?’’

‘‘मला येत नाही. सगळं प्रीतमनं लिहिलेलं. माझ्याजवळ नुसती दुरुस्त केलेली प्रत आहे, ती उघडतसुद्धा नाही.’’

‘‘मग त्याला विचार.’’

‘‘साडेतीन वर्षं बोललो नाही आम्ही. फोन उचलणार नाही तो.’’

‘‘फोन कशाला? घरी जा. दार तर सिंधूताई उघडतात.’’ तिनं पुढचा पेपर ओढला. ‘‘आणि तोंडाला दुपट्टा बांध. त्रेचाळीस आहे बाहेर.’’

सदरचा पूल ओलांडून कडबी चौकातून इंदोऱ्याकडे जाताना पुष्कर मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवत होता. प्रत्येक वाक्य ‘जे झालं ते झालं’ असं सुरू होत होतं आणि त्याला ते स्वतःलाच पटत नव्हतं. खेळ गेला तर काय जाणार आहे, असं त्यानं स्वतःला विचारून पाहिलं. कोणी खेळत नाही. पत्रं येत नाहीत. पण गुरुवारनंतर जगात कुठेच ती चौघं झोपलेली नसतील, आणि त्यांना शेवटचं उठवलं ते आपण, हा विचार कडबी चौकाच्या सिग्नलला आला आणि तिथून पुढे हटला नाही. अंगाला झळा लागत होत्या. सकाळपासून ज्याची वाट पाहिली ते वाईट वाटणं हेच असावं. ऊन आणि ते एकदमच आल्यामुळे नक्की सांगता येत नव्हतं. प्रीतमनं दार लावून घेतलं तर परतीच्या रस्त्यावर रसवंती कुठे आहे, हेही त्यानं पाहून ठेवलं.

दार सिंधूताईंनीच उघडलं. प्रीतमची आई, सत्तरीची, सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया म्हणून काम करून रिटायर झालेली. ‘‘कोण हाय गा? दुपट्टा सोड पयले, चोरावानी काय उभा.’’

‘‘मी पुष्कर, काकू.’’

‘‘अगं माय! मले वाटलं तू अमेरिकेत गेला.’’

‘‘नाही, हिंगण्याला असतो. कॉलेजात.’’

‘‘तेच ते. तिकून बी कोणी येत नाही.’’ मग आत तोंड करून, ‘‘अरे प्रीतम, तुहा साहेब आला रे!’’

प्रीतम बनियनवर, पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसला होता. पोट थोडं सुटलं होतं, केस कानांवर पांढरे झाले होते. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कोणतं यंत्र कधी बंद पडणार हे आधी सांगणारा प्रोग्रॅम तो लिहायचा. यंत्रं त्याचं ऐकायची, असं तो पुढे म्हणाला. पुष्करला पाहून तो उठला नाही, पण त्यानं पायानं एक खुर्ची पुढे सरकवली. पुष्करनं मोबाइल काढून पत्र दाखवलं. प्रीतमनं ते खालच्या ‘उत्तर देऊ नये’पर्यंत वाचलं.

‘‘मग?’’

‘‘ती जुनी आवृत्ती. दुरुस्तीच्या आधीची. तुझ्याजवळ असेल तर...’’

‘‘काहून? चूक होती ना ती.’’

पुष्करची जुळवलेली वाक्यं सगळी रस्त्यावरच वितळली होती. ‘‘मी चुकलो, प्रीतम.’’

‘‘कायच्यात? नीट सांग. मोघम नको बोलू.’’

‘‘दुरुस्त करायला नको होती. चालत होतं ते चालू द्यायला हवं होतं.’’

‘‘आणखी?’’

‘‘बेंगळुरूला स्टेजवर मी जे बोललो...’’

‘‘थे जाऊ दे. स्टेजवर कोनीबी फेकते.’’ प्रीतमनं लॅपटॉप मिटला. ‘‘एक सांग मले. तीसच्या खाली पाणी आटत नाही, हे ठीक हाय. वजाबाकी हाय, शून्याच्या खाली गेली, शून्य धरलं. पण लाइट काहून जात नव्हती? आणि भंगारवाला? त्याचा आणि तापमानाचा काय संबंध हाय बे? थंडीत काय भंगारवाले फिरत नाहीत?’’

खिडकीतला कूलर घरघरत होता. पुष्करच्या मानेवरून घामाचा एक थेंब पाठीत उतरला आणि तो कुठवर गेला ते त्याला शेवटपर्यंत कळत राहिलं. चोवीस अंशांच्या त्या डिसेंबरात बापूजींनी तीन तास भिंगातून पाहिलं होतं. लाख लोकांनी पाहिलं, मासिकांनी पाहिलं. त्यानं स्वतः हजारदा पाहिलं. भंगारवाला येत नव्हता. वजाबाकी चुकली म्हणून माणूस गल्लीत यायचा थांबत नाही. तो यायचा थांबावा असं कोणीतरी बसून, विचार करून, वेगळं लिहावं लागतं.

‘‘तू मुद्दाम...’’

‘‘गार्गीनं इचारलं, तू हसला. मी लिहिलं. तीसच्या खाली कोनी येनार नाही, कायी वाजनार नाही. अठ्ठावीस ओळी हायत त्या.’’ तो आतल्या खोलीकडे पाहून आवाज उतरवून बोलू लागला. ‘‘आईची रातपाळी असे. सकाळी येऊन निजे, तं गल्लीतला एकएक जण ओरडून जाय. भंगार, भाजी, चाव्या, गाद्या पिंजनारा. मी दारात बसो. हातानं इशारे करो, चूप, चूप. कोनी चूप राहे, कोनी नाही. मले वाटे, एक दिवस तरी कोनीच नको यायले. बस, एवढंच हाय. तत्त्वज्ञान गित्त्वज्ञान कायी नाही.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस तू?’’

‘‘तू इचारलं कुठी?’’ प्रीतम पहिल्यांदाच हसला, पण ते हसू पुष्करसाठी नव्हतं. ‘‘डायरेक्ट चूक म्हनला. वरतून म्हने, मी तुले दोष देत नाही. मोठा आला.’’

पुष्करला आपल्याला लाज वाटते आहे हे कळत होतं. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते त्याला थांबवता येईना. इतकी वर्षं जे कानात खळखळत होतं, ते निघून गेलं होतं. ते कौतुक चुकीचं नव्हतं. लोक खोटं बोलले नव्हते, नर्सला भास झाला नव्हता. कोणीतरी खरोखर जागं बसलं होतं म्हणून ती चौघं झोपली होती. फक्त ते पत्र चुकीच्या पत्त्यावर आलं, आणि ज्या घरी आलं तिथल्या माणसानं ते उघडून वाचलं, टाळ्या घेतल्या, आणि वर त्यात शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. स्टुडिओत एकच चांगली गोष्ट घडली आणि ती आपण केलेली नव्हती. हे कळल्यावर माणसानं खचायला हवं. पुष्करला भूक लागली. बापूजींना सांगायला हवं, त्याच्या मनात आलं, की चूक सापडली, तिच्याभोवती खुशाल गोल करा; ती चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि बहात्तर किलोची.

‘‘प्रीतम, मला खरंच...’’

‘‘झालं का रे तुमचं?’’ सिंधूताई दारात आल्या. ‘‘भांडन झालं असंल तं जेवाले बसा. नसंल झालं तं जेऊन भांडा. भाकर गरम हाय.’’

‘‘भांडत नाही आम्ही, काकू.’’

‘‘मंग एवढे वर्स काय करत होते?’’

दोघं हात धुऊन जेवायला बसले. झुणका, भाकर, कांदा. प्रीतमनं पुष्करच्या ताटात न विचारता मिरचीचा ठेचा वाढला, अंमळ जास्तच, आणि पुष्करनं तो सगळा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यानं, असं दोघांनी धरून चालायचं ठरवलं.

जेवणानंतर प्रीतमनं कपाटातून एक जुनी हार्ड डिस्क काढली. ती मोज्यात गुंडाळलेली होती. अठ्ठावीस ओळी होत्या तिथे, एका वहीतल्या पानासारख्या सुबक. नव्या फोनांसाठी बाकीचं बदलायला अडीच तास लागले; प्रीतम टाइप करत होता आणि पुष्कर, जसा आधी स्टुडिओत बसायचा तसा, शेजारी बसून ‘अल्पविराम राहिला’ एवढं सांगत होता. बाहेरच्या खोलीत सिंधूताई पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या. एकदा गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी आली, लांबट, अगदी दारासमोर. पुष्कर दचकून उठायला लागला.

‘‘बस, बस,’’ प्रीतम म्हणाला. ‘‘आता तिले कमी आयकू येते.’’

‘‘पहिल्या पडद्यावर तुझं नाव टाकू या. मोठ्या अक्षरात. एकट्याचं.’’

‘‘नको टाकू गा. कारखान्यातले साहेब पाहतीन, म्हनतीन, याच्याजवळ लय वेळ हाय.’’

‘‘मग माझंही काढ.’’

प्रीतमनं ते काढलं. ‘नवतपा’ एवढंच राहिलं. चारला पाच मिनिटं असताना त्यानं नवी आवृत्ती पाठवली आणि खुर्चीत मागे रेलून हात डोक्यामागे घेतले. कूलरचं पाणी संपलं होतं आणि गरम वारा यायला लागला होता. बादली कोणी आणायची यावरून कटकट व्हायच्या आत पुष्कर उठला. न्हाणीतून बादली आणताना थोडं पाणी पायावर सांडलं. ते गार होतं. त्याला फार बरं वाटलं, इतकं, की दुसरी बादलीही त्यानंच आणली. सिंधूताई उठल्या तेव्हा कूलरची टाकी काठोकाठ भरली होती, आणि त्यांनी चहाला आधण ठेवता ठेवता विचारलं की पुढच्या रविवारी येशील का, येताना सून घेऊन ये. पुष्कर हो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी गेलाही.

बुधवारी मंजुरी आली. पहिल्या महिन्यात नवी आवृत्ती तिघांनी उतरवून घेतली: पुष्करनं, प्रीतमनं आणि मयुरानं. मयुरानं ती तिसऱ्या आठवड्यात काढून टाकली, कारण तिच्या फोनमध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ मावत नव्हते.